धुतलेला आहेर

राधाकिसन खरात यांच्या घरात कपाटभर टॉवेल होते आणि अंग पुसायला एकही नव्हता.

जुन्या जालन्यातल्या कोणत्याही घराबद्दल हे म्हणता येईल. पण राधाकिसनना ते जरा जास्तच झोंबायचं, कारण त्यांची उभी हयात कापसात गेली होती. सरकीपासून कापूस वेगळा करणाऱ्या एका सहकारी जिनिंगमध्ये ते ग्रेडर होते. शेतकऱ्याच्या गाडीतला चिमूटभर कापूस उचलायचा, दोन्ही हातांच्या अंगठ्यांखाली धरून हलकेच ओढायचा, उजेडाकडे धरायचा, आणि हा लांब धाग्याचा, हा मध्यम, हा आखूड, असं सांगून पुढच्या गाडीकडे जायचं. निवृत्त झाले तरी गल्लीत त्यांना सगळे ग्रेडरसाहेबच म्हणत, आणि ते ऐकलं की साहेबांची मान दोन बोटं वर जाई.

कपाटातले टॉवेल अर्थातच आहेरात आलेले. आपल्याकडे पाहुण्याच्या डोक्यावर टोपी आणि खांद्यावर टॉवेल पडला की त्याचा मान झाला. पाहुणा तो टॉवेल घरी नेतो, कपाटात ठेवतो आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या खांद्यावर टाकतो. मधल्या काळात प्लॅस्टिकची पिशवी फोडायची नाही, एवढाच काय तो नियम. काही टॉवेल इतक्या मांडवांतून फिरलेले असतात की त्यांना मंगलाष्टकं पाठ असावीत. राधाकिसनही इतकी वर्षं हा नियम निमूट पाळत आले होते. तो मोडला गेला वर्षाराणीच्या लग्नाच्या बैठकीच्या दिवशी.

वर्षाराणी त्यांची एकुलती एक मुलगी. फार्मसी करून दवाखान्यातल्या औषधांच्या काउंटरवर बसायची. वडीगोद्रीच्या सोमेश्वर कोळेकरशी तिचं जमलं होतं, आणि देण्याघेण्याचं पक्कं करायला खरात मंडळी त्या दिवशी वडीगोद्रीला निघायची होती. राधाकिसन अंघोळ करून बाहेर आले तर त्यांचा जुना, विरलेला, पण इमानी टॉवेल दोरीवर नव्हता. पाहुणे उलट भेटीला आले तर घर चांगलं दिसावं म्हणून आशाबाईंनी तो फाडून फरशीला घेतला होता. मग कपाटातून एक पोपटी टॉवेल निघाला, पिशवी फोडली गेली, आणि साहेबांनी तो अंगावरून फिरवला.

पाणी जिथल्या तिथे राहिलं. टॉवेलनं घेतलं काहीच नाही, उलट स्वतःजवळचं बरंच काही दिलं. घाईत सदरा चढवून राधाकिसन गाडीत बसले. वडीगोद्रीला कोळेकरांच्या बैठकीत गादीवर टेकले तेव्हा त्यांच्या दोन्ही भुवया, कानांच्या पाळ्या आणि नुकतीच कोरलेली मिशी पोपटी झालेली होती. मंडळी बघत होती, पण सोयरिकीचा मामला, बोलणार कोण. शेवटी सोमेश्वरच्या एका म्हाताऱ्या चुलत्यांनी अगदी आपुलकीनं विचारलं, साहेब जिनिंगमधून थेट आले का काय.

बैठक हसली. आयुष्यभर ज्यानं दुसऱ्याच्या कापसाला नावं ठेवली त्याच्या मिशीत आज आखूड धाग्याचा कचरा अडकला होता, आणि तोही पोपटी. राधाकिसनना राहवलं नाही. भुवईवरचं एक कुसळ चिमटीत धरून त्यांनी समजावून सांगायला सुरुवात केली. आखूड धाग्याच्या कापसाला पीळ नीट बसत नाही, त्याची टोकं सुतातून बाहेर येतात आणि गळतात. त्यात निम्मं पॉलिस्टर घातलं की चमक येते, पण पाणी पीत नाही. लांब धाग्याचा कापूस असला तर सूत बारीक, मऊ आणि चिवट होतं, त्याची वेटोळी टॉवेलवर उभी राहतात आणि पाणी ओढून घेतात. बैठक हुंड्याची नव्हे, मानपानाची होती, आणि मानपानाच्या बैठकीत कापसावर एवढं बोललेलं वडीगोद्रीनं याआधी ऐकलं नव्हतं.

मुलाचे वडील पुंजाराम कोळेकर शांतपणे ऐकत होते. हायवेला त्यांचं हार्डवेअरचं दुकान. माणूस मोजकं बोलणारा, आणि बोलला की खिळा ठोकल्यासारखं बोलणारा.

"साहेब," ते म्हणाले, "आहेराच्या टॉवेलनं कोणी अंग पुसतंय व्हय?"

"आमच्या टॉवेलनं पुसल्या जाईल," राधाकिसन म्हणाले. "कोळेकरांकडच्या एकूण एक पाहुण्याला देतो. बघा तुम्ही."

आशाबाईंनी पदराआडून त्यांचा सदरा ओढला, पण तोवर शब्द गेला होता. चार गावची माणसं साक्षीला होती.

दुसऱ्या दिवशीपासून राधाकिसन कामाला लागले. शेजारी शिवशंकर यांचं कापडाचं होलसेल दुकान होतं आणि आहेराचे टॉवेल हा त्यांचा हातखंडा माल. त्यांनी एकामागून एक नमुने काढून दिले. राधाकिसननी प्रत्येकाच्या कोपऱ्यातून एकेक दोरा उपसला, घरी आणला आणि गॅसवर धरला. कापूस असला तर दोऱ्याची जळून राख होते, कागद जळल्यासारखा वास येतो. इथे राख होण्याऐवजी टोकाला काळा मणी धरत होता. आशाबाई म्हणाल्या की लग्नघरात हा जळका वास बरा नव्हे, आणि एक मणी कणकेत पडला तेव्हा त्यांनी गॅसचा ताबाच काढून घेतला. मग साहेब पाण्याची बाटली घेऊन थेट दुकानात जाऊ लागले. घडी उलगडायची, वर थेंब टाकायचा आणि चष्मा वर करून तो मुरतो का बघायचं. गिऱ्हाईकं हे बघायला थांबत आणि न घेता जात. शेवटी शिवशंकरनी हात जोडले.

"ग्रेडरसाहेब, आहेराचा टॉवेल जाड दिसला पाहिजे अन् चमकला पाहिजे. मुरायचं काय घेऊन बसलात?"

सल्ल्यांना तोटा नव्हता. समोरच्या केशरबाईंचं म्हणणं पडलं की टॉवेलच्या भानगडीत न पडता स्टीलचे डबे द्यावेत, डब्याला धागा नसतो. आशाबाईंच्या बहिणीनं, उषाबाईंनी, सुचवलं की पुढच्या ओळीतल्या पाहुण्यांना चांगले द्यावेत आणि मागच्यांना असेच. राधाकिसननी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि सोलापूरची गाडी पकडली.

सोलापूरच्या कारखानदाराच्या आयुष्यात असं गिऱ्हाईक आलं नव्हतं. साहेबांनी सुताचं एकेक रीळ मागवलं, दोऱ्याचा पीळ सोडवला आणि आतले तंतू अंगठ्याच्या नखावर ठेवून मापले. हे आखूड, हे मिश्र, हे बरं पण यातले बारके तंतू विंचरून काढलेले नाहीत. आपली बायको केस विंचरते तेव्हा तुटके केस फणीत येतात आणि लांब ते राहतात, तसं सूत विंचरलेलं पाहिजे, असं त्यांनी कारखानदाराला समजावलं. त्यानं सांगितलं की त्याचे आजोबा याच धंद्यात होते आणि त्याला हे ठाऊक आहे, पण आहेरासाठी असला माल आजवर कोणी मागितला नाही. "आता मागतोय," राधाकिसन म्हणाले. दुपार कलताना त्यांना हवा तो धागा मिळाला. लांब, एकसारखा, हातात घेतला तर लोण्यासारखा. पांढरा रंग ठरला, म्हणजे कोणाच्या भुवईवर काही उरलंच तर ते वयाच्या नावावर खपेल.

माल आला तेव्हा राधाकिसननी गल्लीलाच बोलावलं. गठ्ठा फोडला, पहिला टॉवेल ओट्यावर पसरला, आणि वाटीतलं पाणी सावकाश त्यावर ओतलं.

पाणी अळूच्या पानावर राहावं तसं टॉवेलवर राहिलं. थेंब गोल झाले, चमकले, इकडून तिकडे पळाले आणि ओट्यावरून खाली शिवशंकरच्या चपलेवर पडले. शिवशंकरनी चप्पल झटकली. केशरबाईंनी डब्यांची आठवण करून दिली.

राधाकिसन आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. मग उठून सोलापूरला फोन लावला. कारखानदार दचकला नाही. टॉवेल मऊ लागावा म्हणून शेवटच्या धुलाईत त्याला एक रसायन देतात, त्याचा थर बसतो, त्यामुळे नवाकोरा टॉवेल पाणी पीत नाही. कोमट पाण्यात, थोड्याच साबणात दोन-तीनदा धुवा, थर निघेल, धागा उघडा होईल, मग बघा, असं तो म्हणाला. आणि मऊ करायचं कोणतंही पाणी घालू नका, नाहीतर पुन्हा तेच.

एका टॉवेलवर करून बघितलं. तिसऱ्या धुण्यानंतर त्यानं थेंब पडताक्षणी गिळला. राधाकिसननी पुन्हा टाकला, पुन्हा गिळला. अवघा तांब्या ओतला तरी ओटा कोरडा. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून आशाबाईंना पुढचं सगळं दिसलं.

"अहो, म्हणजे आता हा ढीग धुवायचा?"

"बिलकुल," राधाकिसन म्हणाले.

जालन्यात नळाला पाणी येणं हा सण आहे, आणि सण काही रोज येत नाही. तेव्हा टँकर आला. तो गल्लीत शिरला पण वळेना, म्हणून तिथेच थांबला, आणि त्याच्यामागे ऑटो, दुचाकी आणि धान्याचा एक टेम्पो असे सगळे थांबले. घरातल्या वॉशिंग मशीननं पहिले काही घास घेतले आणि मग एक खोल उसासा टाकून ते कायमचं गप्प झालं. त्यानंतर घंगाळं आली, बादल्या आल्या, उषाबाई आल्या. मेंदीची बाई आली होती तिला वर्षाराणीनं उद्या यायला सांगितलं आणि स्वतः पिळायला बसली. घरच्या गच्चीवर जागा उरली नाही म्हणून केशरबाईंची गच्ची घेतली, मग तिच्या पलीकडची. संध्याकाळी जुन्या जालन्यातल्या त्या गल्लीवर पांढरेशुभ्र टॉवेल असे फडफडत होते की खालून जाणाऱ्यांना वाटे, कोणी मोठी लढाई हरलंय.

हे बघून पालिकेतून एक निरीक्षक आले. निवासी भागात विनापरवाना धुलाई केंद्र चालू असल्याची तक्रार होती. तक्रार कोणाची हे शेवटपर्यंत कळलं नाही, शिवशंकर मात्र त्या दिवशी दुकान लवकर बंद करून गेले होते. राधाकिसननी सांगितलं की हा धंदा नाही, आहेर आहे. निरीक्षकांनी अत्यंत सभ्यपणे उत्तर दिलं की आहेर धुतलेला त्यांनी पाहिलेला नाही. मग धंदा करत नसल्याचा दाखला द्या, असं साहेब म्हणाले. निरीक्षक विचारात पडले. धंदा करत असल्याचा दाखला मिळतो, बंद केल्याचा मिळतो, मुळात केलाच नाही याचा नमुना कार्यालयात नाही. धुलाई केंद्र म्हणून आधी नोंद केली तर ते बंद केल्याचा दाखला आठवड्यात देता येईल, हा एक मार्ग त्यांनी सुचवला. आयुष्यभर लोकांच्या मालाला दर्जा देणाऱ्या माणसाला आपण परीट नाही हे सिद्ध करायला आधी परीट व्हायला लागत होतं. राधाकिसन काही बोलणार, तोच आशाबाईंनी लग्नपत्रिका आणून निरीक्षकांच्या हातात ठेवली आणि सहकुटुंब यायचं निमंत्रण दिलं. पत्रिका घेताना निरीक्षकांचे हात ओले झाले होते, ते त्यांनी जवळच्या टॉवेलला पुसले. मग हात बघितले. मग टॉवेल बघितला. पत्रिका नोटिशीला टाचून, प्रकरण कौटुंबिक असल्याचा शेरा मारून ते गेले.

पण खरी आपत्ती पुढेच होती. धुतल्यावर टॉवेल असे फुगले की पिशव्यांत मावेनात. इस्त्री करावी तर वेटोळी दबतात. तेव्हा ते उघडेच, दोरीनं बांधून ठेवले. उषाबाईंनी ही गोष्ट एका नातेवाइकाला सांगितली, त्यानं दुसऱ्याला, आणि वडीगोद्रीला पोचेपर्यंत तिचं रूप असं झालं की खरातांनी जुने, वापरलेले टॉवेल धुऊन आहेराला काढलेत.

एका दुपारी पुंजारामांचा फोन आला. त्यांनी तब्येत विचारली, तयारी विचारली, उन्हाचं विचारलं.

"ऐकण्यात आलं," मग ते म्हणाले, "की टॉवेल धुऊन आणून राह्यले तुम्ही."

राधाकिसननी खुलासा करायचा प्रयत्न केला. रसायन, थर, उघडा धागा. शेवटी पुंजाराम म्हणाले की त्यांना स्वतःला काही न्हाई, पण भाऊबंद आहेत, वडीलधारी आहेत, मांडवात कोणाचा मान दुखावला तर मंग आपल्या हातात राहत न्हाई. तुम्ही समजदार आहात. फोन ठेवला.

राधाकिसन पहिल्यांदा घाबरले. आपल्या हट्टापायी पोरीला सासरी पहिल्या दिवसापासून खाली बघायला लागलं तर? आशाबाईंनी हलक्या आवाजात सुचवलं की शिवशंकरकडून चमकणारे, पिशवीतले टॉवेल घेऊन टाकावेत, हे घरी वापरू. त्यांनी मान डोलावली आणि चप्पल घातली. दारात वर्षाराणी उभी होती. पिळून पिळून तिच्या हातांची सालं निघाली होती.

"पप्पा, कुठं निघालात?"

त्यांनी सांगितलं.

"सगळ्यांसमोर बोलले होते तुम्ही," ती म्हणाली. "शिवशंकरकाकांचा टॉवेल दिला तर तो सासरच्या कपाटात जाऊन बसंल, अन् कपाट उघडलं की रोज मला दिसंल. मला न्हाई तो रोज बघायचा. हेच द्या. बोलतील तर बोलू द्या, मी ऐकून घेईन."

राधाकिसननी चप्पल काढून ठेवली.

लग्न ऐन उन्हाळ्यात, अंबड रोडवरच्या एका कार्यालयाच्या अंगणात मांडव घालून. अक्षता पडण्याआधी मानपानाला सुरुवात झाली. कोळेकरांकडची वडीलधारी मंडळी ओळीनं खुर्च्यांवर बसली होती. राधाकिसन एकेकाच्या डोक्यावर टोपी घालत होते आणि खांद्यावर तो फुगलेला, बिनपिशवीचा टॉवेल ठेवत होते. मंडळी तो दोन बोटांनी धरून बघत, शेजाऱ्याकडे बघत आणि मांडीवर ठेवून देत. चुलत्यांनी वास घेऊन पाहिला. पुंजाराम पहिल्याच खुर्चीवर ताठ बसले होते. त्यांनी आणलेला आहेर शेजारच्या टेबलावर रचलेला होता, निळा, चकचकीत, कडक पिशव्यांत. राधाकिसनना त्या ओळीत प्रत्येक पाऊल जड जात होतं. कोणी भांडलं असतं तर बरं झालं असतं.

उकाडा फार म्हणून मंडपवाल्यानं पाण्याचे बारीक फवारे मारणारे पंखे लावले होते. त्यांना पाणी जात होतं बाहेर उभ्या टँकरवरून. पंखे नीट चालेनात म्हणून त्याच्या माणसानं मोटरचा कॉक पूर्ण उघडला. पंख्यांना तेवढं पाणी झेपलं नाही. सगळ्यात मोठ्या पंख्याची नळी सुटली, तिनं हवेत एक वळसा घेतला आणि मानाच्या ओळीकडे तोंड करून झुलू लागली.

पहिल्या खुर्चीपासून शेवटच्या खुर्चीपर्यंत आणि परत. चुलत्यांची टोपी उडाली. पुंजारामांचा फेटा भिजून एका बाजूला उतरला. माणसं उठायला जावीत तर चिखल, बसावीत तर फवारा. मंडपवाला बंद कर, बंद कर ओरडत होता, आणि त्याच्या माणसाच्या हातात कॉकची मूठ तुटून आली होती. शेवटी निमंत्रणाचा मान ठेवून आलेल्या त्या निरीक्षकांनी टँकरवर चढून मोटरची वायर काढली, तेव्हा पाणी थांबलं.

सगळ्यांच्या अंगावरून पाणी निथळत होतं. पुंजारामांनी डोळे मिटूनच हात लांब केला, आपल्या बाजूची एक निळी पिशवी ओढली, दातांनी फाडली आणि तो टॉवेल तोंडावर फिरवला. पाणी कपाळावरून गालावर गेलं, गालावरून मानेवर, आणि मानेवरून सदऱ्यात उतरलं. त्यांनी पुन्हा फिरवला. आता चेहऱ्याला थोडी निळसर झाक आली. मग त्यांनी तो खाली ठेवला आणि मांडीवरचा पांढरा टॉवेल उचलला.

एकदाच फिरवला. चेहरा कोरडा झाला. त्यांनी डोळे उघडले, टॉवेलकडे पाहिलं. मान पुसली, कान पुसले, डोकं खसाखसा पुसलं, खिशातला मोबाइल काढून पुसला. शेवटी टॉवेल उलटा करून बघितला. त्याची दुसरी बाजू अजून पाणी घ्यायला तयार होती. त्यांच्या भुवयांवर काही उरलं नव्हतं.

पुंजाराम ओल्या खुर्चीवरून उठले, माइकवाल्याच्या हातातून माइक घेतला.

"मंडळी," ते म्हणाले, "ग्रेडरसाहेबांचे टॉवेल घ्या अन् अंग पुसून घ्या. बराबर पुसल्या जातंय."

ओळीत एकदम हालचाल झाली. मांडीवरचे टॉवेल डोक्यांवर गेले, पाठींवर गेले. ज्यांना मान नव्हता तेही ओले झाले होते, त्यांनी दोरी बांधलेले गठ्ठे सोडले. बायका आल्या, वाजंत्रीवाले आले, भटजींनी स्वतःसाठी एक घेऊन दुसऱ्यानं पोथी टिपली. चुलते राधाकिसनना शोधत आले आणि हा लांब धागा म्हणजे नेमका किती लांब असतो ते विचारू लागले, आणि राधाकिसननी खरोखरच टॉवेलच्या कडेचा एक दोरा उपसून, पीळ सोडवून, त्यांच्या ओल्या तळहातावर तंतू मांडून दाखवले. मान दोन बोटं नव्हे, चांगली चार बोटं वर होती. शिवशंकर गर्दीतून वाट काढत आले आणि कानाशी लागून सोलापूरच्या माणसाचा नंबर मागितला. राधाकिसन म्हणाले की उद्या दुकानात येऊन सांगतो, आणि पाण्याची बाटली सोबत आणतो.

मुहूर्त थोडा टळला, पण अक्षता पडल्या. फोटोवाल्यानं विनवलं की निदान पहिल्या ओळीनं तरी टॉवेल काढावेत, फोटोत बरं दिसत नाही. कोणीही काढला नाही.

संध्याकाळी वर्षाराणी निघाली. सजवलेल्या गाडीजवळ ती वाकली, आणि दिवसभर ताठ फिरणाऱ्या राधाकिसनचं सगळं अवसान गेलं. ते लहान पोरासारखे रडू लागले. आशाबाई त्यांना सांभाळायला गेल्या आणि स्वतःच रडायला लागल्या. पुंजाराम पुढे झाले. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून व्याह्यांच्या हातात दिला, आणि राधाकिसननी त्यात तोंड खुपसून डोळे पुसले, नाक पुसलं, चष्मा पुसला. गाडीचं दार लागलं. वर्षाराणीनं काचेतून हात हलवला.

राधाकिसन जरा सावरले, टॉवेलची घडी करून खांद्यावर टाकू लागले. पुंजारामांनी हात पुढे केला.

"द्या इकडं," ते म्हणाले. "घरी गेल्यावर अंघोळीला लागंल मला."